चार हजार हर्ट्झच्या पुढे

जेल रोडवर, मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांच्या रांगेत
मंगलानी अजून एक फळी तबकड्यांसाठी राखून आहे.
"तीन हजार चारसौ," म्हणतो. "बेल्जियम से आई है, ताई.
पाँच सौ छपी हैं. इंदौर में ये एकच."
त्याचं 'एकच' तेवढं मराठी असतं, किंमत हिंदीत.

कव्हरवर महूचं रेल्वे इन्स्टिट्यूट,
कागदी झिरमिळ्या, एकसष्टचा डिसेंबर.
लेस्टर कॉक्सन, ट्रम्पेट. मिसेस थेल्मा रोच, पियानो.
ड्रम्स: बंडू.
बस, बंडू.
आतल्या पुस्तिकेत कॉक्सनवर सहा पानं,
त्याच्या बुटांवरसुद्धा एक परिच्छेद,
आणि बंडूबद्दल: माहिती उपलब्ध नाही.

मूळ तबकडी मी एकदाच ऐकली,
परदेशीपुऱ्यात, हिंगवे मास्तरांच्या खोलीत.
अठ्ठावीस वर्षांची होते, कान मांजराचे.
तिसऱ्या गाण्याच्या मध्येच बाहेर इंजिन शिटी देतं,
मीटरगेजची शिटी, जरा नाकातली.
ट्रम्पेट दचकतो, थांबतो,
आणि त्या थांबण्यात बंडू
झांजेवर ब्रश नुसता टेकवून ओढतो.
पोह्यांवर बारीक शेव पडावी,
इतकाच आवाज.

"बजा के देखें?"
"देखना क्या, सुनो," म्हणत मंगलानी चार्जर बाजूला सारतो.

शिटी येते. स्वच्छ, जवळ, जणू शटरपाशीच.
ट्रम्पेट दचकतो.
मग काही नाही.
सुई मागे. पुन्हा शिटी. पुन्हा काही नाही.

आता, जुन्या फितीची खरखर धुऊन काढताना
बेल्जियमच्या कुणा नीटनेटक्या माणसाने
बंडूलाही धुऊन टाकलं असेल.
किंवा तो तिथेच आहे,
मीच निघून आले आहे पुढे.
मी लोकांचे कान तपासते,
एम.वाय. हॉस्पिटलच्या मागे, तेवीस वर्षं.
गेल्या दिवाळीनंतर सहज
स्वतःलाच खोलीत बसवून आलेख काढला होता:
चार हजार हर्ट्झपर्यंत रेघ सपाट, माळव्यासारखी,
आणि पुढे एकदम मांडवगडचा कडा.

तीन हजार चारशेत
श्रवणयंत्राचे सेल येतात, वर्षभराचे.

मंगलानीला विचारून उपयोग नाही.
त्याच्या कानांत तीस वर्षांचे हॉर्न आहेत,
शिवाय त्याला विकायची आहे.
बाहेर एक पोरगा काच चिकटवत होता, एकोणीस-विशीचा.
"भिया, जरा सुन."
त्याने हातातला चिमटा न ठेवता ऐकलं.
"ट्रेन है."
"उसके बाद?"
मान वाकडी करून थांबला.
"उसके बाद कोई झाड़ू लगा रहा है. दूर."

माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच उतरला.
हे इंदूर आहे.
इथे कुठल्याही क्षणी
दूर कुणीतरी झाडू मारतच असतं.

दुपारी दवाखान्यात गुळवणी आले, सुखलियाचे, ब्याऐंशीचे.
काचेपलीकडे हेडफोन लावून बसले.
आवाज आला की बोट वर करा, एवढं सांगितलेलं.
मी अजून काहीच वाजवलं नव्हतं,
पेनाचं टोपण शोधत होते,
आणि त्यांनी बोट वर केलं.
खाली घेतलं. पुन्हा वर.
जरा वेळाने कळलं, ठेका आहे.

असं झालं की तक्त्यात फुली मारायची असते.
मारली.
तरी बोट चालूच.

संध्याकाळी मंगलानीला फोन लावला.
म्हटलं, सोमवारपर्यंत कुणाला देऊ नकोस.
पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही,
म्हणजे मला तरी.
मग तो म्हणाला,
"एडवांस?"